नोकरी सुटल्यावर जावई काय करणार?

करमाड,
५ डिसेंबर १९८५

चि. रामकिसन,

नानाचा आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. सूनबाई खुशाल आहे, पण तिच्या पत्रात तू चार ओळी खरडतोस आणि चुलत्याच्या पत्रात दोन पानं भरतोस, हे तिला आवडलेलं नाही. यापुढं उलट करत जा.

आता मुद्द्याचं. वच्छलाचं लग्न यंदा उरकायचंच, असं तुझ्या काकूनं ठरवलंय. पोरगी पंचविशीला आली. चिकलठाण्याच्या औषधाच्या कारखान्यात ती तपासणीला आहे, हे तुला माहीत आहेच. दिवसभर बाटल्या उजेडासमोर धरायच्या, आत कणभर काही दिसलं की बाटली बाजूला. पगाराबद्दल तक्रार नाही, पण त्या कामानं तिला खोड लागली. संध्याकाळी घरी आली की आलेल्या स्थळालाही उजेडासमोर धरते. मास्तर बाजूला, तलाठी बाजूला, साखर कारखान्यातला कारकून तर फोटोवरूनच बाजूला. काकू म्हणते, "आता देवच उतरला तरी ही त्याच्यात कण काढंल."

आवडाआत्यानं यंदा तीन स्थळं आणली आहेत आणि तिन्ही तुझ्या विमानदलातली. ऐकून मी खूश झालो होतो. मग कळलं की तिघांतला एकही विमान चालवत नाही. एक आप्पासाहेब, इंजिनाचं काम करतो. दुसरा कडूबा, तो बॉम्बच्या खात्यात आहे. तिसरा पडेगावचा बद्रीनाथ, तो म्हणे घड्या घालतो. कसल्या घड्या, ते आवडाआत्यालाही सांगता येईना.

माझी खरी काळजी अशी आहे. तिघांचेही करार पाच-सहा वर्षांत संपतात. पस्तिशीत पेन्शन घेऊन माणूस घरी येणार, आणि मग काय करणार? शेती करायची तर कुणाच्याच हातात बळ नाही, सगळी सावलीतली माणसं. त्यात वच्छलाची अट आहे की ती चिकलठाण्याची नोकरी सोडणार नाही, नवऱ्यानंच सुटून औरंगाबादला यायचं. मग मला हेच बघावं लागणार की सुटल्यावर इथं कुणाला काम मिळेल. तू आतला माणूस आहेस. तिन्ही कामांची तहकीकात करून सविस्तर मजकूर पाठव. निजामाच्या शाळेत मी सातवीपर्यंत शिकलो, पण विमानाचं त्यात काही नव्हतं.

तुझ्याबद्दल गावात मी सांगतो की पुतण्या आकाशाचा हिशोब ठेवतो. हवामानासाठी फुगे सोडतो असं सांगितलं तर लोक उरुसातला फुगेवाला समजतील.

नानासाहेब


द्वारा ५६ एपीओ,
१७ डिसेंबर १९८५

ती. नानांना नमस्कार. काकूंनाही सांगा.

आम्ही कुठं आहोत ते लिहायची मनाई आहे. अंथरुणात वाळू येते एवढं लिहितो.

तुम्ही विचारलंत त्याचा खुलासा. इंजिन फिटर म्हणजे आमच्याकडचा मानाचा माणूस. गावाकडं वाटतं की तो सुटला की विमान कंपन्या दारात उभ्या राहतील. तसं होत नाही. इथं शिकलेलं इथं चालतं. बाहेरच्या विमानाला हात लावायचा तर नव्यानं परीक्षा द्यायच्या आणि लायसन काढायचं. नोकरीत असतानाच जो रात्री दिवे जाळून अभ्यास करतो तो तरतो. बाकीचे कुठल्यातरी कारखान्यात पंखे आणि पंप दुरुस्त करतात. पण तुपात पडला नाही तरी हा माणूस उपाशी मरणार नाही.

आर्मामेंटवाला विमानाला बॉम्ब अडकवतो. काम जोखमीचं, छाती लागते. पण नाना, बाहेर बॉम्ब अडकवायचं काम निघत नाही, आणि निघालंच तर आधी पोलीस येतात. यातले बरेच जण पुढं बँकेच्या दारात बंदूक घेऊन स्टुलावर बसलेले दिसतात.

तिसरं काम पॅराशूटचं. वैमानिकाला विमानातून उडी मारावी लागली तर जी छत्री उघडते, ती तपासून घडी घालून पिशवीत भरायची. घडी चुकली तर माणूस गेला. याला बाहेर काही म्हणजे काहीच मागणी नाही. मुंबई-दिल्लीच्या विमानात प्रवाशांना छत्र्या देत नाहीत. 

रडार आणि वायरलेसवाले रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकतात. पण सगळ्यांत जास्त मागणी कुणाला आहे सांगू? आमच्या मेसच्या आचाऱ्याला. वेरूळ बघायला येणाऱ्या गोऱ्या लोकांच्या हॉटेलात त्याला उद्या घेतील.

तर कामाच्या हिशोबानं इंजिनवाला पहिला. मात्र तो पडेगावचा बद्रीनाथ माणूस म्हणून बरा असावा, असं कानावर येतं. चहात साखर कमी घेतो, झोपेत घोरत नाही, दुसऱ्याचा साबण वापरत नाही आणि आईचं पत्र आलं की दोनदा वाचतो. असं लोक सांगतात.

आपला,
रामकिसन


करमाड,
२० जानेवारी १९८६

चि. रामकिसन,

आशीर्वाद. आचाऱ्याबद्दल तू लिहिलंस ते मी काकूला वाचून दाखवलं नाही. ती आचारीच बघा म्हणाली असती.

दोन पोरं येऊन गेली. मी ठरवलं होतं की नुसते पोहे खाऊ घालून उपयोग नाही. बैल घेताना आपण नुसते दात बघत नाही, जुंपून बघतो. म्हणून बैलबाजारातल्या आपल्या कमरोद्दीनला दोन्ही वेळा बोलावलं. त्याच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय माझ्या गोठ्यात आजवर एक शिंग आलेलं नाही.

आधी कडूबा आला. धिप्पाड आहे आणि आवाज असा की गोठ्यातली वासरं उठून उभी राहिली. त्याला विहिरीवर नेलं. दोन वर्षांपासून खाली खडक लागलाय. त्यानं वाकून बघितलं आणि डोळे चमकले. "मामा, हा खडक एका दमात उडतो," म्हणाला. मी म्हटलं, विहीर राहील का? तो म्हणाला, "विहिरीचं सांगता येत नाही, खडक राहणार नाही." तुझ्या काकूनं तिथंच पदर खोचला आणि मला म्हणाली, "माझी पोरगी सुरुंगाच्या शेजारी झोपवायची नाय मला." विषय संपला.

मग आप्पासाहेब आला. गोरागोमटा, भांग पाडलेला, बोलणं तोलून मापून. आपलं तेलाचं इंजिन आठ दिवसांपासून धूर टाकत होतं. म्हटलं, बघा जरा. त्यानं लांबूनच भोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, याचं पुस्तक कुठंय? मी म्हटलं, इंजिनाला पुस्तक नसतं, डबा असतो तेलाचा. मग त्यानं विचारलं, आग विझवायची नळी कुठंय, आणि काम झाल्यावर तपासून सही कोण करणार? कमरोद्दीन माझ्या कानाशी लागला, "नाना, ये बैल अच्छा है, लेकिन हुकुमाशिवाय शेपूट बी नहीं हलाता."

तरी मला पोरगा पटलाय. जो विचारून करतो तो घर जाळत नाही. त्याचा परीक्षांचा अभ्यासही चालू आहे. वच्छला मात्र म्हणाली, "तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही, इंजिनाशीही बोलला नाही." बाटली बाजूला ठेवल्यासारखा चेहरा होता तिचा.

तो घड्यावाला बद्रीनाथ पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतोय. आवडाआत्याचा मान म्हणून बघून घेतो. त्याला कशाला जुंपायचं हेच कळत नाही.

नानासाहेब


द्वारा ५६ एपीओ,
१ फेब्रुवारी १९८६

ती. नानांना नमस्कार.

बद्रीनाथला जुंपू नका, नुसतं बसवा. तो कमी बोलतो, पण विचारलं तर खरं सांगतो. तेच त्याचं अवघड आहे.

त्याच्याबरोबर तुमच्या सूनबाईसाठी ओढणी पाठवलीय. म्हणजे तो कुठं भेटला तर पाठवीन असा विचार आहे.

घाईत,
रामकिसन


करमाड,
१८ फेब्रुवारी १९८६

चि. रामकिसन,

घात झाला. सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर तुला वाटेल नाना म्हातारा झाला.

रविवारी पडेगावची मंडळी आली. बद्रीनाथ, त्याची आई आणि मामा. मामाचं नाव सांडू पाटील. मिशा मोठ्या, बोटात चांदीची जाड अंगठी. पोरगा सावळा, सडसडीत. ओसरीत जाजमावर बैठक बसली. मी मधोमध आणि डाव्या अंगाला कमरोद्दीन. आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं की बाजारात भाव करतात तसं माझ्या उपरण्याखाली हात ठेवायचे आणि बोटांनी बोलायचं. एक बोट दाबलं तर नको, पंजा दाबला तर पसंत. पाहुण्यांच्या देखत कानात कुजबुजणं बरं दिसत नाही.

मी पोराला थेट विचारलं, "नोकरी सुटल्यावर काय करणार?"

कुणीही काहीतरी फेकलं असतं. दुकान टाकीन, एजन्सी घेईन. हा म्हणतो, "मला माहीत नाही, नाना. मी चौकशी केली. माझ्या कामाला बाहेर कुणी विचारत नाही." एवढं बोलून त्यानं पोह्याची बशी खाली ठेवली. त्याची आई त्याच्याकडं बघतच राहिली.

माझं मन तिथंच उतरलं. बाजाराचा नियम तुला ठाऊक आहे, बोटं बोलत असताना हाताकडं बघायचं नाही. मी पोराकडं हसून बघत उपरण्याखाली एक बोट दाबलं. उलट पंजा आला, घट्ट. मला नवल वाटलं. कमरोद्दीनला हा कसा पटला? मी पुन्हा एक बोट दाबलं. पुन्हा पंजा, आणि असा जोरात की हाडं वाजली. मी मनात म्हटलं, ज्या माणसाच्या शब्दावर मी तीस वर्षं बैल घेतले त्याला काहीतरी दिसलं असणार जे मला दिसत नाही. मी उपरणं बाजूला केलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "पसंत!"

माझ्या हातात चांदीची अंगठी होती.

कमरोद्दीन दारात उभा, तोंडात पान. पिंक टाकायला कधी उठून गेला ते मला कळलंच नव्हतं. त्याची जागा रिकामी बघून सांडू पाटील सरकून बसला होता. तोही पडला बैलबाजारातला जुना गडी. पसरलेलं उपरणं बघून त्याला वाटलं देण्याघेण्याचं बोलणं सुरू झालं, म्हणून त्यानं हात घातला. मला म्हणतो, "तुम्ही एक बोट दाबलंत. म्हणजे एकटी पोरगी देतो, वर काही मागू नका. म्या म्हणलं कबूल. तुम्ही परत दाबलंत, म्या परत कबूल केलं. आमाला हुंडा नकोच हाय, नाना!" आणि मला मिठी मारली. त्याची बहीण रडायला लागली. कमरोद्दीन तोंडातल्या पानासकट म्हणाला, "नाना, ये क्या कर दिया!"

उपरण्याखाली झालेला सौदा फिरवला तर या तालुक्यात मला शेळीसुद्धा कुणी विकणार नाही. आणि तिकडं आप्पासाहेबाच्या वडिलांना मी अर्धा शब्द देऊन बसलोय.

वच्छला दाराआड होती. पाहुणे गेल्यापासून माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते, पण ताट जरा वरून ठेवते.

नानासाहेब


औरंगाबाद,
२४ फेब्रुवारी १९८६

रामकिसनदादा,

नानांचं पत्र तुला मिळालं असेल. आता माझं वाच, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बसून लिहितेय.

मी बैल नाही. उपरण्याखाली माझा सौदा झाला, तोही चुकून, आणि अब्रू मात्र नानांची जाते म्हणून घरात सुतक. आई म्हणते, "झालं ते बरं झालं, पडेगाव जवळ हाय." माझं पुढं काय व्हायचं ते एका पान खाणाऱ्या माणसाच्या पिंकेवर ठरावं? मी नानांना स्पष्ट सांगितलंय की हात तुमचा होता, लग्न माझं आहे. मी हो म्हटलेलं नाही.

आता तुझ्याबद्दल. नानांनी तुझी पत्रं मला वाचायला दिली. एक माणूस चहात साखर किती घेतो, घोरतो का, साबण कुणाचा वापरतो, हे "लोक सांगतात"? कोण लोक? घोरण्याची चौकशी करायला माणसाला त्याच खोलीत झोपावं लागतं. ओढणी तर त्यानं स्वतः वहिनीच्या हातात दिली आणि म्हणाला, "रामकिसननं तीन दुकानं फिरून घेतली, मी बरोबर होतो." तो तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपतो, हो ना? आवडाआत्याकडं त्याचा फोटो कुणी पाठवला तेही आता मला कळलं.

मला एवढंच सांग, त्याची बाजू घ्यायची होती तर इंजिनवाल्याला पहिला नंबर का दिलास? आणि खरं लिही. तू फुगे सोडतोस हे मला माहीत आहे, तेव्हा माझ्यापुढं हवा करू नकोस.

वच्छला


द्वारा ५६ एपीओ,
३ मार्च १९८६

वच्छला,

पकडलंस. आमच्या सार्जंटला जे दोन वर्षांत जमलं नाही ते तुला एका पत्रात जमलं.

इंजिनवाला पहिला लिहिला, कारण तो खरंच पहिला आहे. नानांनी पुढच्या कामाचं विचारलं होतं. मित्र असला म्हणून बद्रीच्या कामाला बाहेर भाव आहे असं लिहिलं असतं, तर उद्या तुझं नुकसान झालं असतं आणि मला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. फोटो मी पाठवला, कारण चार वर्षं शेजारी राहून त्या माणसाचं मला एकदाही काही खटकलं नाही. शेजारच्या खाटेबद्दल असं म्हणणारा दुसरा कुणी आमच्या बराकीत सापडणार नाही.

पण बहीण तू माझी आहेस. त्याला नोकरी सुटल्यावर काम मिळेल का, तर मला वाटतं सहजी मिळणार नाही. हे धरून चाल आणि मग ठरव. नाही म्हणालीस तर त्याला मी सांगीन. उपरण्याचं नानांचं नाना निस्तरतील.

त्याची सुट्टी दहा तारखेपर्यंत आहे.

दादा


औरंगाबाद,
९ मार्च १९८६

रामकिसनदादा,

मी त्याला भेटले. कुणाला विचारलं नाही. पडेगावला निरोप पाठवला की दुपारच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाशी या, बोलायचं आहे. तो आला आणि अर्धा तास आधी आला, हे वॉचमननं मला नंतर सांगितलं. जालना रोडवरच्या चहाच्या टपरीवर बसलो. शेजारी माझ्या दोन मैत्रिणी पाठ करून बसल्या होत्या, कान मात्र आमच्याकडं.

आधी मीच विचारलं, की तुम्ही एवढ्या वर्षांत घातलेल्या घड्यांतून किती छत्र्या उघडल्या? तो म्हणाला, "एकही नाही." मला वाटलं बढाई तरी नीट मारावी. मग त्यानं सांगितलं की त्याच्या छत्र्या घेऊन उडालेल्यांपैकी कुणावर उडी मारायची वेळच आली नाही. ठरलेल्या मुदतीनं प्रत्येक छत्री पिशवीतून काढायची, वाळवायची, शिवण बघायची आणि पुन्हा घडी घालायची. वापरली कधीच गेली नाही. "चांगलंच आहे ना," म्हणाला. मला हसू आलं. दादा, मी पण दिवसभर तेच करते. चांगल्या बाटलीकडं कुणी बघत नाही.

त्याच वेळी दुपारचं विमान उतरायला आलं. टपरीवरचे सगळे माना वर करून बघायला लागले, चहावाला सुद्धा. हा बघत नव्हता. तो मला विचारत होता की तुम्ही बाजूला काढता त्या बाटल्यांचं पुढं काय होतं, आणि एखादी चुकून सुटली तर झोप लागते का? आजवर जेवढी स्थळं आली त्यांतल्या एकानंही माझ्या कामाबद्दल काही विचारलं नव्हतं. नोकरी सोडणार का, एवढंच विचारायचे.

मग मी माझं सांगितलं. मी चिकलठाणं सोडणार नाही. तुमच्या छावण्यांमधून फिरणार नाही. करार संपेपर्यंत तुम्ही सुट्टीत यायचं, मी सुट्टीत येईन, आणि सुटल्यावर तुम्ही इथं. त्यानं कपातला चहा संपवला आणि म्हणाला, "सुटल्यावर वर्षभर तरी मी बसून असेन. स्वयंपाक येतो. तुम्हाला चालेल का?" माझ्या एका मैत्रिणीनं चहा सांडला.

मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. घरी वेगळंच चाललंय. आप्पासाहेबांचे वडील काल पेढे घेऊन आले होते. तो पहिल्या परीक्षेत पास झाला, आणि लायसन मिळालं की इथल्याच एका मोठ्या कारखान्यात ओळखीनं जागा आहे म्हणे. नाना पेढा हातात धरून बसले होते, खातही नव्हते आणि ठेवतही नव्हते.

माझं उत्तर मी ठरवलंय. पण नाना कष्टी असताना मला ते द्यायचं नाही. त्यांच्याशी भांडायला येतं मला, त्यांना दुखवायला येत नाही.

वच्छला


करमाड,
२ एप्रिल १९८६

चि. रामकिसन,

आशीर्वाद. दीड महिना तुला लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं.

आप्पासाहेबाचे वडील पेढे देऊन गेले त्या दिवसापासून माझी झोप गेली. इकडं पस्तिशीनंतरही भरल्या घरात नांदेल असा पोरगा, तिकडं उपरण्याखाली सापडलेला घड्यावाला. मी कमरोद्दीनला म्हटलं, शब्द मोडतो, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. तो म्हणाला, "नाना, हमको मत पूछो अब. मी तर थुंकायला गेलेलो होतो. पोरीला विचारा." त्याचं ऐकलं आणि सकाळच्या एस.टी.नं चिकलठाण्याला गेलो. ठरवलं होतं की तिच्या पाया पडायची वेळ आली तरी पडीन, पण आप्पासाहेबाला हो म्हणवून घेईन. घरात तिची आई असते, नीट बोलणं होत नाही.

रामकिसन, पोरगी इतकी वर्षं तिथं जाते, पण त्या फाटकाशी मी कधी गेलो नव्हतो. एस.टी.तून जाताना नुसती कारखान्याची भिंत दिसायची.

फाटकात एक भरलेला ट्रक उभा होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. सुटाबुटातला एक साहेब घड्याळ बघत येरझारा घालत होता आणि वॉचमनवर ओरडत होता. मी वॉचमनला म्हटलं, वच्छलाला बोलवा, मी बाप आहे तिचा. तो ताडकन उठला, मला स्वतःची खुर्ची दिली आणि म्हणाला, "मॅडमचे वडील? बसा बाबा, थोडा वेळ लागंल. मॅडमनं माल अडवलाय."

मी म्हटलं, हा ट्रक? तो म्हणाला, "व्हय. मॅडमला काहीतरी दिसलं त्याच्यात. त्या हो म्हणल्याबिगर मोठ्या सायबाचा बाप आला तरी चाक हलत नाय."

तेवढ्यात ती बाहेर आली. पांढरा कोट, डोक्याला टोपी. मी बसलेला तिला दिसलो नाही. साहेब तिच्यावर चढ्या आवाजात बोलायला लागला की उशीर होतोय, वरून फोन येताहेत, एवढ्या मालात दोन खोक्यांनी काय होतंय. आपली वच्छला आवाज न चढवता म्हणाली, "साहेब, हे लहान मुलांचं औषध आहे. खोकी उतरवा." बस्स. साहेब दोन मिनिटं धुमसला आणि मग त्यानंच हमालांना हाक मारली. माझ्या डोळ्यांसमोर ट्रक रिकामा व्हायला लागला.

मी तिथून उठलो. वॉचमन म्हणाला, "बाबा, भेटत नाय का?" मी म्हटलं, तिला काम आहे, संध्याकाळी भेटू. परत येताना एस.टी.त डोळ्याला पाणी लागलं. शेजारचा माणूस म्हणाला, धूळ लई उडते या रोडला. मी म्हटलं, व्हय.

चार महिने मी तुला पत्रं लिहून विचारतोय की कोणता पोरगा सुटल्यावर काय करणार. इंजिनवाल्याचं काय, बॉम्बवाल्याचं काय, घड्यावाल्याचं काय. पोरीचा मात्र मी एकदाही विचार केला नाही, तिचा पगार तेवढा ठाऊक होता.

संध्याकाळी ती आली. मी विचारलं, तुला कोण पसंत आहे? ती म्हणाली, "बद्रीनाथ. पण तुम्हाला वाईट वाटणार असेल तर थांबते." मी म्हटलं, मला काय वाटायचं ते मी बघून घेतो, तू तुझं सांगितलंस ना, झालं. मग ती रडली, तिची आई रडली, आणि तुझी बायको आधीपासून रडतच होती. कुणीच पानं वाढीना, तेव्हा भाकरी मी वाढल्या.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबाच्या घरी स्वतः गेलो. पेढे परत केले नाहीत, ते संपले होते. हात जोडून सांगितलं की तुमचा पोरगा सोन्यासारखा आहे, चूक माझी आहे. त्याचे वडील रागावले. रागावणारच.

काल सुपारी फुटली. लग्न मे महिन्यात, तुझ्या आणि बद्रीनाथच्या सुट्ट्या जमतील तसं. दोघांनी एकदम रजा मागा आणि एकाच गाडीनं या, म्हणजे आता "कुठं भेटला तर" लिहायची गरज नाही.

सुपारीला सगळी भावकी होती. बायकांच्या घोळक्यातून आवडाआत्यानं मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "नाना, स्थळ मीच आणलं म्हणून इच्यारते. जावयाची नोकरी सुटल्यावर पोरीचं कसं व्हायचं?"

सांडू पाटलाची मान खाली गेली. बद्रीनाथच्या आईनं पदर तोंडाला लावला. पलीकडं वच्छला बसली होती, ती माझ्याकडं बघत होती.

मी म्हटलं, "आवडे, पोरीचं झालंय. जावयाचं कसं व्हायचं ते आता ती बघंल."

तुझा,
नानासाहेब